चढापुरती मोटर

कौसल्याकाकू कुणालाही भेटल्या की आधी तोंड बघायच्या नाहीत, मनगट बघायच्या. केशोरीच्या बाजारात एखादी बाई ओळख सांगू लागली की तिचा हात हातात घेऊन, जरा दाबून म्हणायच्या, "अव, तू तं तळ्याकाठच्या घरची मोठी सून! आंगठा लय कडक हाय तुहा." आणि ते बरोबर निघायचं! काकू कासारीण. आसपासच्या गावांत लग्न निघालं की नवरीचा चुडा त्यांनीच भरायचा. सायकलच्या कॅरिअरवर लाकडी पेटी, पेटीत तणसात गुंडाळलेल्या बांगड्या आणि पदर खोचून पायडल मारणाऱ्या काकू, हे दृश्य आम्ही लहानपणापासून पाहत आलो.

मग त्यांचा गुडघा गेला. सपाटीवर कसंबसं जमायचं, पण चढ आला की उतरून ढकलायची वेळ. तेवढ्यात देवरीकडून एक व्हॅनवाला बांगड्या घेऊन फिरायला लागला. टेकडीपलीकडच्या गावात प्रणालीचं लग्न ठरलं, तेव्हा तिच्या आईनं स्पष्टच निरोप धाडला: हळदीच्या आधी पोचलात तर ठीक, नाहीतर व्हॅनवाल्याला बसवू. काकू मला म्हणाल्या, "एका लग्नाले चुकली, तं ते गाव गेलं. मंग बाकीचे गावं बी गेले समज."

माझं दुकान पंपाच्या जळालेल्या मोटरींमध्ये नवी वायंडिंग भरून द्यायचं. काकू दारात सायकल लावून उभ्या. "प्रभाकर, हिले मोटर बसवून दे."

"काकू, ती सायकल आहे, राइस मिल नाही!"

"पंपाले बसवतेस, पंख्याले बसवतेस, माह्या सायकलनं तुहं काय घोडं मारलं गा?"

मी साफ नाही म्हणालो. त्या रोज येऊन बाकावर बसू लागल्या, गिऱ्हाइकांची मनगटं बघू लागल्या. वैतागलो आणि बसवली. भंगारातली बारा व्होल्टची मोटर मागच्या चाकाला चेननं जोडली आणि काकूंच्या लेकाच्या फवारणी पंपाची बॅटरी पेटीखाली बांधली. हँडलवर एकच बटण, चालू नाहीतर बंद.

पहिल्याच दिवशी काकूंनी उभ्या सायकलवर बटण दाबलं. सायकलनं अशी उसळी घेतली की काकू धुळीत आणि पेटी नालीत. "गेल्या! सगळ्या फुट..." मी ओरडलो, तर काकू पडल्या पडल्या डाफरल्या, "वाढल्या म्हन! वाढल्या!" कासारणीच्या पुढ्यात बांगडी फुटली म्हणायचं नसतं, एवढंही मला सुचलं नव्हतं. मी पाना घेऊन मोटर काढायला बसलो. त्यांनी पाना हिसकावला. "मोटरचा कायचा दोष? उभ्या बैलाले कोनी एकदम पळवते का? पहिले पाय, मंग मोटर." पुन्हा बसल्या, दोन पायडल मारले, मग बटण. सायकल सुतासारखी सरळ गेली! सपाटीवर पाय आणि चढापुरती मोटर, असं आमचं ठरलं.

हळदीच्या दिवशी सकाळीच काकू पुढे निघाल्या. मलाही आमंत्रण होतं, मी मागून फटफटीवर. टेकडीच्या पायथ्याशी पाहतो तर काकू बटण दाबून राहिल्या आणि मोटर हूं की चूं करीना. लेकानं आदल्या दिवशी तीच बॅटरी लावून उन्हाळी धान फवारलं होतं आणि न भरताच परत बांधली होती.

"काकू, बसा माझ्या मागे. पेटी पुढे घेतो," मी म्हणालो.

"कायले? उद्या तू नसशीन तं काय करू?" त्या रस्त्याकडेच्या बांधाकडे पाहत होत्या. तिथे एक शेतकरी पाठीवर पंप घेऊन फवारत होता. काकूंनी हाक मारली, "ए बापू! तुही बायको काचेच्याच चुड्या घालते ना अजून? तिचा चुडा मीच भरला होता गा! बॅटरी काढ, सांजेले आनून देतो."

त्यानं हसत हसत पंप उतरवला. कुणाच्याही पंपात तसलीच बॅटरी! मी तारा जोडल्या. काकूंनी दोन पायडल मारले, बटण दाबलं आणि अख्खा चढ न उतरता चढून गेल्या. वर पोचल्यावर ओरडल्या, "प्रभाकर, पाहून राहिला ना? बांधाबांधावर माहा पेट्रोल पंप हाय!" मला इतका आनंद झाला की मी मागून हॉर्नच वाजवत सुटलो.

मांडवात व्हॅनवाल्यानं खोके उघडले होते. प्रणाली मात्र दोन्ही मुठी आवळून बसली होती. "काकू येईन," एवढंच म्हणत होती. काकूंनी हातपाय धुतले, तिची मूठ सोडवली आणि गप्पा मारता मारता हिरवा चुडा भरला. एकही बांगडी वाढली नाही. तिच्या आईनं काकूंना वाकून नमस्कार केला. व्हॅनवाला हळूच मला विचारत होता, मोटर कुठं मिळते म्हणून.

त्यानंतर एकही गाव गेलं नाही. काकू गेल्या, त्याला आता वर्ष होऊन गेलं. सायकल त्यांची सून चालवते. परवा तिच्या मागून त्याच रस्त्यानं जात होतो. चढ आला. तिनं आधी दोन पायडल मारले, मग बटण दाबलं. बांधावरच्या माणसानं पाठीवरचा पंप हलवून लांबूनच विचारलं, "काकू, बॅटरी पाहिजे का व?"

तिशीतली पोर ती. पण त्यानं तिला काकूच म्हटलं.