दोनशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीचं जेवण

माझी बायको कॉलेजात इंग्रजी शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिच्या डोक्यात एक खूळ शिरलं. चार मैत्रिणींना दुपारी घरी बोलवायचं आणि दोनशे वर्षांपूर्वी इंग्रज जेवत तसं जेवण द्यायचं. राजाला वेड लागलं म्हणून त्याचा मुलगा कारभार बघत होता, तो काळ. रीजन्सी म्हणतात त्याला. मी म्हटलं, ‘‘अगं, त्याच सुमारास आमचे एक पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. महिदपूरला इंग्रजांच्या तोफांपुढे त्यांची दोन बोटं गेली, आणि तू त्यांच्या घरात साहेबाचं सूप करणार?’’ ती म्हणाली, ‘‘बोटं त्यांची गेली. तुम्हाला नुसता चमचा धरायचाय.’’ हौसेला मोल नाही म्हणतात.

तिने एक वही केली. त्यात पदार्थ, टेबलाचा नकाशा आणि शेवटी नियम. जानेवारीतला एक रविवार ठरला, हाताने लिहिलेली आमंत्रणं चौघींकडे पोचली. नोव्हेंबरात ती गेली. चार दिवस ताप आला आणि संपलंच.

मला रडू आलं नाही. तेराव्यापर्यंत नाही, नंतरही नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, तसा मी सगळाच झालो होतो. लोक खांद्यावर हात ठेवून माझ्या रडण्याची वाट बघायचे. मला त्याचंही काही वाटायचं नाही.

चौघींतल्या थोरलीचा फोन आला. ‘‘भाऊजी, ते लंच आता कॅन्सल समजू ना? कोई बात नहीं.’’

मी म्हटलं, ‘‘या.’’

यात धीर वगैरे काही नव्हता. नाही म्हटलं की कारण सांगत बसावं लागतं, तेवढीही इच्छा नव्हती. शिवाय तिला हे जेवण एवढं का हवं होतं, ते मला कधी कळलं नव्हतं आणि विचारायला आता ती नव्हती. वहीत आहे तसं करून बघावं, एवढंच ठरवलं.

केकसाठी विलायती जिरं लिहिलं होतं. सियागंजच्या किराणा बाजारात दुकानदाराने दोन पुड्या पुढे केल्या. ‘‘भिया, ये शाहजीरा, ये बिलायती. सूंघ के देखो, अलग है.’’ मी दोन्ही हुंगल्या. कसलाच वास आला नाही. दोन्ही घेऊन आलो.

आमच्या पोळ्यांच्या बाईंनी माझ्याकडून वहीतली कृती ऐकून ऐकून बदामाचं पांढरं सूप केलं. चव घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘साब, इसमें मिरच तो डाली ही नहीं!’’ नाहीच घालायची म्हटल्यावर त्यांना माझी काळजी वाटली असावी. सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडायचे होते, इकडे एक तर तिकडे त्याच्या जोडीचा. बटाट्याचं पुडिंग, लोण्यातले मटार, केक. मी सवयीने प्रत्येक प्लेटच्या डाव्या बाजूला मीठ आणि लिंबाची फोडही वाढून ठेवली. साहेबाने पाहिलं असतं तर चक्रावला असता.

नकाशात टेबलाच्या एका टोकाला ‘हे’ लिहिलं होतं, दुसऱ्या टोकाला ‘मी’. नकाशाप्रमाणे मी दोन्हीकडे पानं मांडली. चौघी आल्या, एक तर पैठणीवर जाळीचे हातमोजे घालून. मी सगळ्यांना सूप वाढलं, त्या टोकालाही वाढलं, आणि माझ्या जागी बसलो. चमचा उचलला.

कोणीच चमचा उचलेना.

‘‘घ्या ना,’’ मी म्हटलं.

थोरलीने टेबलावरची वही माझ्याकडे सरकवली. ‘‘रूल आहे, भाऊजी. आम्हाला तर तिने फोनवर दहादा बजावलं होतं.’’ नियमांच्या पानापर्यंत मी पोचलोच नव्हतो. शेवटचा नियम होता, खाली दोन रेघा मारलेला. यजमानीण चमचा उचलेपर्यंत कोणी सुरुवात करायची नाही.

आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. ती तव्यावरची पोळी थेट माझ्या ताटात टाकायची आणि म्हणायची, ‘‘सुरू करा, गार होतंय.’’ मी सुरू करायचो. कॉलेजातून दमून आलेली असली तरी तसंच. माझं झालं की ती ओट्यापाशी उभ्यानेच उरलंसुरलं खायची. मी कधी थांबलो नाही, तिनेही कधी थांबा म्हटलं नाही. मला एकदा थांबवायला तिला दोनशे वर्षं मागे आणि सातासमुद्रापार जावं लागलं होतं.

मला लाज वाटली. नोव्हेंबरपासून मला वाटलेली ती पहिली गोष्ट.

सुपावर साय धरायला लागली. स्वयंपाकघराच्या दारातून बाई डोकावल्या. ‘‘साब, शुरू करो, ठंडा हो रिया है.’’

मी चमचा खाली ठेवला आणि समोरच्या खुर्चीकडे बघत थांबलो.