रत्नम्माची चूळ

रत्नम्मा माती खाते, अशी आमच्या गावात आवई आहे. जळकोटच्या बाजारापर्यंत जाता जाता आवईला शेपूटही फुटलं: तिनं म्हणे एका ओव्हरसियरला ढेकूळ चारलं, अन् तो गडी बदली मागून विष्णुपुरीला गेला तो अजून दहीभातावर आहे.

रत्नम्मानं कुणाला काही चारलं नाही, स्वतःही खाल्लं नाही. रोजगार हमीच्या कामावर खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खुंट तसाच उभा ठेवतात. त्याचा माथा म्हणजे मूळची जमीन. माथ्यापासून तळापर्यंत टेप सोडली की खड्डा किती खोल ते कळतं. आता कुणाच्या मनात पाप आलं, तर खुंटावर चार बोटं ओली माती थापायची, वर गवत खोचायचं. न खणता खड्डा खोल! म्हणून रत्नम्मा तांब्यातलं पाणी तोंडात घेते अन् खुंटावर चूळ फवारते. मूळची माती पाणी गुमान पिते. थापलेली असली तर पाणी जोडावर अडतं अन् खुंटाभोवती काळी रेघ उमटते, लेकराच्या कमरेच्या करदोड्यासारखी. रस्त्यावरच्या माणसाला काय दिसतं? बाई खुंटाशी तोंड नेते अन् थुंकते. झालं, माती खाते!

गेल्या उन्हाळ्यात पाझर तळ्याच्या बांधाला माती काढायला माळावर खड्डे चालले होते. चौदा बाया, चौदा खड्डे. रत्नम्मा आमची मेट, म्हणजे हजेरी तिच्याकडं अन् टेपही तिच्याकडं. रोजगार हमी आधी महाराष्ट्रानं केली, मग देशानं उचलली, हे आम्हाला शाळेत शिकवतात. त्या दिवशी दुसऱ्या राज्याचे साहेबलोक आमच्या माळावरची आणखी एक गोष्ट उचलायला येणार होते: बायांचं काम बायांनीच मोजायचं.

ग्रामरोजगार सेवक दयानंद आठ दिवसांपासून नाकानं एकच सूर काढत होता. “सगळे खड्डे दोन फूट दिसले पायजेत. असं न्हाई ओ, एखादा उथळ, एखादा खोल. पाव्हण्यांम्होरं जिल्ह्याची इज्जत हाय.”

सकाळी मारुतीच्या वळणावर जिपांचा धुरळा दिसला. रत्नम्मा शेवटची फेरी मारत होती. नवव्या खड्ड्यापाशी ती थांबली. खड्डा तिच्या सुनेचा, अंबिकाचा. पोरीला ताप होता म्हणून अंबिका दोन दिवस उदगीरच्या दवाखान्यात होती, तरी खड्डा दोन फूट? बाकीच्या खुंटांवरचं गवत वाळून पिवळं पडलं होतं. इथलं हिरवंगार.

रत्नम्मानं तोंडात पाणी घेतलं. चूळ फवारली. काळी रेघ उमटली.

“हे काय गं?”

अंबिकानं कुदळ जमिनीला टेकवली. “अत्ते, पाव्हण्यांम्होरं तुमची मान खाली जाईल म्हणून केलं.”

“माझी मान चार बोटं मातीवर हाय व्हय?”

तेवढ्यात दयानंद धोतर नसताना धोतर सावरल्यासारखा पळत आला. रेघ बघून त्याचा नाकातला सूर घशात गेला. “रत्नम्मा, पाया पडतो, आता बोलू नका. एक खुंट खोटा निघाला की चौदाच्या चौदा मापं बाद. काम बंद. मिरग येईस्तोवर या बायांनी काय खायचं? माती?”

तो खोटं बोलत नव्हता. दोन सालाखाली शेजारच्या गावचं काम असंच बंद पडलं होतं. तिथल्या बाया हैदराबादकडं वीटभट्टीवर गेल्या. तीन घरांना अजून कुलूप आहे. रत्नम्मानं एकेका बाईकडं पाहिलं. कुणी तिच्या नजरेला नजर देईना.

दहावा खड्डा माझा. बारावीची परीक्षा देऊन मी नुकतीच कामावर आले होते, अन् नकला केल्याबिगर मला घास जात नाही. मी आमचं काम तपासणाऱ्या इंजिनिअर साहेबांसारखा घसा खाकरला. “ह्म्म. म्हणजे बघा, काम तात्काळ बंद!”

एकही बाई हसली नाही.

“बंद व्हतंय म्हणतीस?” रत्नम्मा म्हणाली.

“तुम्ही बोललात तर व्हतंयच. लावा पैज.”

“लावली. हरलीस तर हा खड्डा तू पुरा करायचास.”

“अन् तुम्ही हरलात तर?”

“मी हरले तर खड्डाच राहात न्हाई, बये.”

बोलणार की नाही, ते तिनं सांगितलं नाही. पदरानं ओठ पुसले अन् वर चढली. ऊन असं की खुंटावरची रेघ बघता बघता वाळून गेली. आता ठाऊक होतं ते फक्त आम्हालाच.

पाहुण्यांत एक मॅडम होत्या, हातात डायरी. सोबत इंजिनिअर साहेब. पहिला खड्डा मोजला, दोन फूट. चौथा मोजला, दोन फूट. नवव्याकडं वळल्या तसा दयानंद आडवा झाला. “मॅडम, उधर मत जाव, सुबू साप निकल्या था!”

मॅडम टुणकन् उडी मारून माझ्या खड्ड्यावर आल्या. दोन फूट. दयानंदनं रुमाल पिळावा इतका घाम पुसला. सुटलो! अंबिकानं डोळे मिटले.

मॅडम लिंबाखाली बसल्या अन् डायरी उघडली. “बहुत बढ़िया. हमारे यहाँ तीन-तीन बार नाप होती है. यहाँ औरतें खुद नापती हैं, तो जाँच की ज़रूरत ही नहीं. मैं यही लिखती हूँ.”

पेन कागदाला टेकलं.

“मॅडम, वो मत लिखो,” रत्नम्मा म्हणाली.

दयानंदनं हातातला पाण्याचा गिलास मॅडमच्या पुढ्यात सरकवला.

“नऊ नंबर का खुंट झूटा है. मेरी बहू थापी. आप जाँच नक्को लिखे, तो तुमारे गाँव में बी सब बहुएँ थापते.”

इंजिनिअर साहेबांनी घसा खाकरला. “ह्म्म. म्हणजे बघा, काम...”

माझीच नक्कल मला ऐकू आली, अन् पहिल्यांदा तिची भीती वाटली.

मॅडमनी हात वर केला. “पता कैसे चला?”

रत्नम्मा खड्ड्यात उतरली. चूळ, रेघ. मग टाचेनं एक ठोकर. वरची टोपी भाकरीसारखी निघून खाली पडली.

“और बाकी तेरह?”

रत्नम्मा पहिल्या खड्ड्यापासून निघाली. चूळ. रेघ नाही. दुसरा. तिसरा. मागं साहेबलोक, त्यांच्या मागं आम्ही. प्रत्येक फवाऱ्याला एकेक बाई श्वास धरायची अन् सोडायची. माझ्या खुंटापाशी तर मला मीच काही थापलं की काय असं वाटायला लागलं. बाराव्यावर तिचे ओठ थरथरायला लागले, फवारा नीट फुटेना. तेव्हा अंबिका गर्दीतून पुढं आली अन् सासूच्या तोंडाला तिनं तांब्या लावला. तेरावा. चौदावा.

रेघ नाही.

इंजिनिअर साहेबांनी चौदाव्या खुंटाला बोट लावून पाहिलं. “ह्म्म. म्हणजे बघा, तेरा खरे. नवव्याचं माप पुरं खणल्यावर लिहा. काम चालू ठेवा.”

दयानंद मटकन् खाली बसला. मॅडमनी डायरीतली ओळ खोडली अन् पुन्हा विचारायला लागल्या: पाणी किती घ्यायचं, तोंड खुंटापासून किती लांब धरायचं? “एक वीत,” रत्नम्मा म्हणाली. त्यांनी तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी नवव्या खड्ड्यात. चार बोटं म्हणजे काय, ते मुरमाला विचारा. अंबिका लिंबाखाली पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. कडेवरून रत्नम्मा म्हणाली, “आता कर की माझी नक्कल.” माझ्या तोंडात थुंकी नव्हती. दुपारी कुदळ टाकून मी म्हणाले, “झालं, अज्जी.”

ती खाली उतरली, तोंडात पाणी घेतलं अन् खुंटावर चूळ फवारली. रेघ उमटली नाही. मग तिनं टेप सोडली. अर्धं बोट कमी भरलं.

“खण,” रत्नम्मा म्हणाली.