नेट बंद होतं

पांढरकवड्याजवळच्या त्या तांड्यात कारभारीपण खेमसिंगच्या घरात बापापासून चालत आलेलं. नाईकानं सांगायचं आणि कारभाऱ्यानं पोचवायचं. लग्न असो, पंचायत असो, खेमसिंगचा बाप सायकल काढून तांडे पालथे घालायचा. मरणाची खबर असली की वाटेत पाणीही प्यायचा नाही. लेकीला तिचा बाप गेल्याचं समोर बसून सांगायचं, डोक्यावर हात ठेवायचा आणि तिला सोबत घेऊनच परतायचं, हा त्याचा नेम.

खेमसिंगनं सायकल भंगारात दिली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तांड्याचा ग्रुप काढला. "बापूनं फुकट टायर झिजवले. आपलं काम अंगठ्यानं होते," असं चारचौघांत म्हणायचा. ग्रुपचा अ‍ॅडमिन झाल्यापासून गडी अशा तोऱ्यात फिरायचा, की आपण अजून नाईक आहोत की नाही, अशी शंका खुद्द नाईकाला यावी.

धरमसिंग पहाटे गेला. त्याची एकुलती एक लेक रंजिता तिकडे बोरी अरबच्या बाजूला दिलेली. "तिले खबर दे," नाईक म्हणाला. खेमसिंगनं तिथंच बाजेवर बसून ग्रुपवर मेसेज टाकला. जावई राजकुमार ग्रुपमध्ये होताच. फोन खिशात घालत तो सगळ्यांदेखत म्हणाला, "गेली खबर."

चहा घेताना त्यानं सहज फोन पाहिला. मेसेज जागचा हललाच नव्हता. कुठल्याशा गावात तणाव वाढला म्हणून सरकारनं रातोरात जिल्ह्याचं नेट बंद केलं होतं. साधे फोन लागत होते, म्हणून त्यानं गोठ्याआड जाऊन राजकुमारला लावून पाहिला. त्याचा फोन बंद. पुन्हा लावला, तरी बंद.

दारात मोटारसायकल उभी होती. तेव्हाच किक मारली असती तर ऊन कलायच्या आत रंजिता बापापाशी असती. पण त्यासाठी आधी माणसांत जाऊन सांगावं लागलं असतं, की खबर गेलीच नाही. एवढं एक वाक्य त्याच्या जिभेवर येईना. येईल नेट, जाईल मेसेज, अशी स्वतःची समजूत घालत तो परत येऊन बसला.

"निघाली का माही पोरगी?" धरमसिंगच्या बायकोनं, सुखीबाईनं विचारलं.

"निघाली, भोजाई."

त्या एका शब्दावर अख्खा तांडा थांबला. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की सुखीबाई मान वर करायची. खेमसिंगही करायचा, आणि त्याची त्यालाच किळस यायची. शेवटी दिवस बुडायला आला तसा नाईक म्हणाला, "आता नाही थांबता येत." लेकीसाठी सुखीबाईनं नवऱ्याचं तोंड उघडं ठेवायला लावलं होतं. तिनंच ते आपल्या हातानं झाकलं.

"गाडी होती ना दारात?" घरी आल्यावर त्यानं खरं काय ते सांगितलं तेव्हा बायकोनं, हंसाबाईनं विचारलं. "मंग काहून नाही गेले तुमी?"

खेमसिंग ताटावरून उठला. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेट सुरू झालं, मेसेज पोचला आणि रंजिता आली. तांड्याच्या तोंडापासूनच तिचा आकांत ऐकू येत होता. आता ही आपल्याला चारचौघांत धुऊन काढणार, असं खेमसिंगला वाटलं. काढावं, असंही वाटलं. पण आईच्या मिठीतून सुटून ती त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून रडली.

"काका, तुमचा मेसेज आज आला हो! या नेट बंद करनाऱ्यायनं मले माह्या बापूचं तोंड नाही पाहू देलं."

"त्यानं तं तवाच टाकला होता, माह्यासमोर," नाईक म्हणाला. जमलेल्या सगळ्यांनी सरकारच्या नावानं बोटं मोडली.

रंजिता एकदम आईकडे वळली. "पन याडी, तू तं आत्ताच म्हनली, मी निघाली असं काकानं सांगतलं?"

सुखीबाईनं खेमसिंगकडे पाहिलं. "मले धीर द्याले बोलला असन बिचारा. नेटच बंद, तं तो तरी काय करन? हो ना, खेमसिंग?"

दारातून मोटारसायकल दिसत होती. हंसाबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

"हो, भोजाई," तो म्हणाला. "नेट बंद होतं."

हंसाबाई उठून बाहेर गेली.