बटन सोडा ना, सर!

जळलेले ट्रान्झिस्टर मी फेकत नाही. शेवेच्या रिकाम्या डब्यात टाकतो. त्यातला एकेक तुकडा हातात घेतला की तो कोणी जाळला, आणि वर मलाच काय ऐकवलं, ते सगळं आठवतं. किस्से असेच साठतात. ज्याला भांडता येत नाही, त्याच्याकडे जरा जास्तच साठतात!

आमचा हौशी रेडिओवाल्यांचा क्लब कारंज्याचा. अध्यक्ष गावंडे सर, निवृत्त हेडमास्तर. बंडूभाऊंचं कृषी केंद्र आहे, त्यांच्याच माडीवर आमचा सेट. मानोऱ्याला एक राठोड. आणि मी गजानन, मोटर रिवाइंडिंगवाला, नववीत शाळा सोडलेला.

आमच्या अँटेना दोन. गच्चीवरची लांब तार बोलायला. पण तिच्यात बाजारातल्या मोटरी आणि इन्व्हर्टरची एवढी खरखर येते की ऐकू काही येत नाही. म्हणून ऐकायला मी मागच्या अंगणात छोटी चौकोनी अँटेना केली, बुडाशी एका ट्रान्झिस्टरचा नाजूक ॲम्प्लिफायर. मधे एक खटका. ऐकायचं तर खाली, बोलायचं तर वर. खटका वर न करता माइकचं बटन दाबलं की सगळी पॉवर त्या नाजूक ॲम्प्लिफायरमध्ये. संपलं! एवढंच लक्षात ठेवायचं. एवढंच!

*

एका संध्याकाळी इटलीचा माणूस अगदी स्वच्छ ऐकू आला. बंडूभाऊ खुर्चीतून उडालेच. खटक्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हॅलो हॅलो! मी बंडू बोलून राह्यलो, कारंज्याहून!"

इटली गेली, ॲम्प्लिफायर गेला, सेट मुका झाला. मी हळूच म्हटलं, "भाऊ, खटका."

"खटक्याचं काय घेऊन बसला बे? माह्या आवाजातच दम तेवढा हाय!"

*

मग मी खटक्याला दोन चिठ्ठ्या लावल्या. वर 'बोल', खाली 'आयक'.

सरांनी चष्मा पुसला. "गजानन, आयक नाही. ऐक! शाळा सोडली म्हणून भाषाही सोडायची?"

दोन्ही चिठ्ठ्या त्यांनी खरवडून काढल्या. लाल पेनानं सुंदर अक्षरात नव्या लिहिल्या आणि स्वतःच्या हातानं चिकटवल्या. वर 'ऐक', खाली 'बोल'.

दुसऱ्याच दिवशी ॲम्प्लिफायर गेला. मी चिठ्ठ्यांकडे बोट दाखवलं.

सर म्हणाले, "जागेचं राहू दे. शुद्धलेखन तर बरोबर आहे ना!"

*

लायसनची परीक्षा मी पास झालो. माझा स्वतःचा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं माझं नाव, आला! दुकान बंद ठेवून, अंघोळ करून मी क्लबात गेलो. रात्रभर आरशासमोर पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं. सरांनी शाल दिली, नारळ दिला. मी माइककडे हात नेला, तर सरांनी तो उचलून आपल्या पुढ्यात ठेवला.

"घाई नको. आधी वर्षभर नुसतं ऐक. जगात ऐकणारा माणूसच मोठा होतो."

हे त्यांनी मला पाऊण तास सांगितलं.

*

रागारागात मी रिलेचा डबा बनवला. आता खटकाच नाही. बटन दाबलं की बोलायची अँटेना, सोडलं की ऐकायची. आपोआप! जळायचा प्रश्नच मिटला.

कॉलेजचे एक प्राध्यापक बघायला आले. "आमच्या क्लबानं बनवलं," सर म्हणाले. प्राध्यापकांनी झाकण उघडून विचारलं, "हा डायोड इथं कशाला?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार, तोच सर म्हणाले, "तो बोलत नाही हो. लाजाळू आहे."

आणि बंडूभाऊंनी सांगून टाकलं, "ते तिथं शोभेले लावलं!"

घरी जाऊन मी भिंतीला सांगितलं डायोड कशाला ते.

*

पोहरादेवीच्या यात्रेत आम्ही मंडप टाकला. गर्दीत मोबाइल लागत नाहीत, तेव्हा हरवलेल्यांचे निरोप मानोऱ्याच्या एसटी स्टँडवर बसलेल्या राठोडला कळवायचे. दुपारी पाहुणे आले आणि सरांनी माइक हातात घेतला. स्वागत, प्रस्तावना, क्लबाचा इतिहास. बटन दाबलेलंच! बटन दाबलेलं असेपर्यंत आमचे कान बंद. हे मी तीनदा खुणेनं सांगितलं. तेवढ्यात एक म्हातारी आत येऊन काही विचारू लागली. सरांनी हातानंच बसवलं. बंडूभाऊ म्हणाले, "आजी, चहा घे. कार्यक्रम चालू हाय."

शेवटी सर पाणी प्यायला थांबले, आणि राठोड कडाडला.

"अर्ध्या घंट्यापासून बोंबलून राह्यलो, बटन सोडा ना, सर! इथं एक माणूस रडून राह्यला. त्याची माय तिकडं हरवली. हिरवं लुगडं, हातात पितळी डबा!"

मी मागे वळलो. हिरवं लुगडं. मांडीवर पितळी डबा. तिसरा चहा.

सरांचा हात पुन्हा माइककडे निघाला होता. मी तो धरला. "नाही, सर." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बटन दाबलं, माझा कॉलसाइन सांगितला आणि म्हटलं, "राठोड, त्याले सांग, माय सापडली. इथंच बसेल हाय."

बटन सोडलं.

बंडूभाऊ म्हातारीवरच उखडले. "काय आजी, मघापासून इथं बसून राह्यली, सांगायचं नाही का?"

म्हातारीनं कप खाली ठेवला.

"तुमी कोनाले बोलू देता का, बाप्पा?"