सासूच्या आवाजाखाली

हेडफोनमध्ये म्हातारी सांगत होती, "इकडे सगळी खुशाल हायत. सून पन बरी हाय." आणि तिच्या आवाजाखाली दुसरीच बाई कुजबुजत होती, "बरी नाय. खोकल्यातून रक्त पडतंय."

मी कॅसेट थांबवली. नव्वदच्या दशकात महाडला माझं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. आखातात गेलेल्यांना घरचे पत्राऐवजी कॅसेट धाडत, कुणी निघालं की त्याच्या बॅगेतून. तिच्यावरच नवं बोलून तीच कॅसेट परत यायची. पुसलं की गेलं, असं मी गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचो.

टेप शेवटाकडे गुंतली म्हणून आलेली आमिना समोर उभी होती. कुजबूज तिचीच.

"भाभी, यावर आधी तुम्ही बोलला होतात?"

"मी पुसलं ते. सासू बोलली, कुवेतला नवऱ्याला कळलं तर नोकरी सोडून येल. घरी लावून बघितलं, कायपन ऐकू नाय आलं."

"मधे मशिन पडलं होतं?"

"पुसायच्या घाईत. हातातनंच."

मग उलगडा झाला. टेपला टेकून आवाज भरणाऱ्या, वाचणाऱ्या, पुसणाऱ्या तुकड्यांना हेड म्हणतात. पडल्यामुळे ती सरकली होती. टेपच्या कडेची बारीक पट्टी पुसायची राहिली, आणि घरच्या मशिनला ती वाचताही येईना. चांगलं मशिन मात्र ती वाचणार.

"म्हंजे कुवेतला ऐकू येल?"

"येईल. तिथे त्याच्या खोलीतल्या सगळ्यांनाच. पूर्ण पुसून देऊ? सासूबाईंचंही जाईल, परत भरावं लागेल."

कॅसेट नेणारा शेजारी दुपारच्या मुंबई एसटीने निघणार होता. आमिना ओढणीत तोंड घालून खोकली.

"नको दादा. टेप तेवढी सोडवा."

मी सोडवली आणि कॅसेट तिच्या हातात दिली.

दोन महिन्यांनी सासू मशिन काखोटीला मारून हजर. "पोरगा न कळवता आला नि सुनेला मुंबईच्या दवाखान्यात घेऊन गेला. बोलतो, तुझ्या आवाजामागं ती बोलते. बघ रे बाबा, ह्याच्यात कोन बसलाय."

तिने सोबत आणलेली तीच कॅसेट मी तिच्याच मशिनमध्ये लावली. सगळी खुशाल हायत. खाली शुकशुकाट.

"मलाही काही ऐकू येत नाही," मी म्हणालो. हेड मात्र सरळ केली नाहीत.

आता मी मोबाइल दुरुस्त करतो. "डिलीट केलं की जातं ना?" गिऱ्हाईक विचारतं. छातीठोकपणे सांगणं मी तेव्हाच सोडलं. "नक्की घालवायचंय ना?" एवढंच विचारतो.