पूजेतला पाना

आमच्या गाडीला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला मला खपत नाही. ऑइल मी बदलतो, एअर फिल्टर मी साफ करतो, ब्रेकचे पॅड मी काढतो आणि मीच बसवतो. हिंगोलीत गॅरेजांना तोटा नाही, पण तिथे गाडी सोडून आलो की मला जेवण गोड लागत नाही. मी साधा कारकून, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकलेला. पण एकदा बोलायला लागलो की समोरच्याची सुटका नाही. गल्लीत कुणाचं बॉनेट उघडलेलं दिसलं की मी न बोलावता हजर. बायको म्हणते, नात्यातल्या लग्नांना तुम्ही असे वेळेवर पोहोचला असता तर बरं झालं असतं.

मुलीला गाडी मीच शिकवली. चाक बदलायलाही शिकवलं. नट आधी हाताने फिरवायचे, गाडी जॅकवरून खाली घ्यायची आणि मग पान्याने एक सोडून समोरचा असे पक्के आवळायचे, हे तिच्याकडून मी पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. तिला सेनगावला शाळेत नोकरी लागली होती. एसटीची वाट बघा, नाहीतर जीपमध्ये अंग चोरून बसा, याला ती वैतागली होती. दसरा झाला की एकटीने गाडी घेऊन जायचं तिच्या मनात होतं. मी म्हणालो, दसऱ्याला नागनाथाच्या दर्शनाला औंढ्यापर्यंत तू चालव, मी शेजारी बसतो, मग सांगतो. म्हणजे परीक्षा घेणारा मी आणि निकाल देणाराही मीच. आधी ती समोरून ट्रक आला की दचकायची. आता कुठे तिचा हात बसला होता.

खंडेनवमीला सकाळी मी टायरांची अदलाबदल काढली. पुढचे मागे, मागचे पुढे. सगळी चाकं झाली, पुढचं डावं तेवढं राहिलं. ते चढवलं, नट हाताने फिरवले, गाडी खाली घेतली, आणि बायको दारात आली. पूजेची वेळ टळून चालली होती, तिला हत्यारं हवी होती. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं देवापुढे मांडतात. विळी, कात्री, कुदळ आणि माझी अख्खी पेटी. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याची पूजा होऊन सोनं लुटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मी तिच्यावर खेकसलो. देवाला काय घाई आहे, असंही म्हणालो. मग तसाच चिडून पाने रॉकेलने पुसले आणि नेऊन दिले. चाकाचा पानाही त्यातच गेला.

चिडलेल्या माणसाला काम पूर्ण झाल्यासारखं वाटतं, निदान मला तरी वाटतं. आंघोळ करून आलो, पुरणपोळी जेवलो आणि दुपारी झोपलो. ते चाक माझ्या डोक्यातून साफ गेलं.

दसऱ्याच्या सकाळी बॉनेटवर झेंडूची माळ बांधून आम्ही निघालो. मुलगी चालवायला, मी शेजारी, बायको मागे. गाव सुटल्यावर मुलगी म्हणाली की स्टेअरिंग थोडं हलतंय. मी म्हणालो, रस्ता तसा आहे. थोड्या वेळाने ती म्हणाली, आवाज पण येतोय, टक टक. मी म्हणालो, तू स्टेअरिंग आवळून धरतेस म्हणून हात थरथरतो, सैल सोड. रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलं होतं. ते चुकवताना गाडी जराशी भरकटली आणि मी तिच्यावर ओरडलो. असं चालवणार असशील तर सेनगावचं विसर, असं म्हणालो. मागून बायको म्हणाली, तिचं ऐकून तर घ्या. मी तिलाही गप्प केलं. मुलीचे कान लाल झाले होते. तिने वेग वाढवला.

मग एका वळणाआधी तिने मला न विचारता गाडी कडेला घेतली. मी बोलायला तोंड उघडलं, पण ती उतरून गेलीसुद्धा होती. मी उतरलो तेव्हा ती डाव्या चाकापाशी उकिडवी बसली होती. एक नट पडून गेला होता. उरलेले तिने बोटांनी फिरवून दाखवले. ते बोटांनी फिरत होते.

डिकी उघडून तिने जॅक काढला आणि पाना शोधायला लागली. सगळं उलटंपालटं करून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. पाना घरी देवघरात होता, हळदकुंकू लावलेला. मी तिथे झेंडूच्या माळेच्या गाडीशेजारी नव्या शर्टात उभा होतो आणि मला कुठे बघावं ते कळत नव्हतं. ती नुसती पुढच्या वळणापर्यंत गेली असती तरी काय झालं असतं, हे आता हळूहळू माझ्या ध्यानात यायला लागलं होतं.

औंढ्याकडे जाणारी एक जीप थांबली. ड्रायव्हरने पाना दिला आणि चाकाकडे वाकून बघितलंही. मुलगी नट आवळत होती. तो मला म्हणाला, “काका, पोरीच्या हातात गाडी काहून देऊन राहिले? खड्डे न बघता दामटली असंल तिनं.”

चाक मी बसवलंय, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्दांचं काम. पण जीपमधली माणसं खिडकीतून बघत होती आणि त्या नजरांपुढे माझी जीभच उचलेना. उचलली ती भलत्याच गोष्टीला.

“शिकून राहिली अजून,” मी म्हणालो. आणि हसलो.

मुलीचा हात पान्यावर थांबला. मग तिने शेवटचा नट आवळला, पाना पुसून ड्रायव्हरला दिला आणि त्याचे आभारही मानले. बायकोने माझ्याकडे पाहिलंच नाही. आम्ही उरलेल्या नटांवर सावकाश घरी परतलो. नागनाथाचं दर्शन राहिलं. गाडी मुलीनेच चालवली, मी चालवतो म्हणायचं मला धाडस झालं नाही.

घरी आल्यावर ती चपला काढून थेट देवघरात गेली. नमस्कार करून तिने पूजेतला पाना उचलला. सोनं लुटायला अजून अवकाश होता, पण बायको तिला वाट द्यायला बाजूला सरली. मुलीने दारासमोर गाडीची सगळी चाकं तपासली. मी पक्की केलेली, पक्कीच असलेली, तीही एक सोडून समोरचा अशी पुन्हा आवळली. मी जवळ जाऊन म्हणालो, दे, मी करतो. तिने पाना दिला नाही.

“मला हाताला कळत होतं, पप्पा,” ती चाकाकडे बघतच म्हणाली. “तुमी म्हणले म्हणून मला वाटलं, मलाच येत न्हाई. म्हणून जोरात दामटली.”

रागावली असती तर मी सहन केलं असतं, मीही चढ्या आवाजात काही बोललो असतो, मला ते जमतं. पण तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं. स्वतःच्या हातावरचा भरवसा सोडून तिने माझ्या शब्दावर ठेवला होता, आणि मी तो जीपवाल्यासमोर हसण्यावारी नेला होता.

संध्याकाळी ती आपट्याची पानं घेऊन माझ्यापुढे आली. वाकून पाया पडली. बोटांना कुंकू आणि काळं वंगण एकत्र लागलेलं होतं, धुऊनही नीट निघालेलं नव्हतं. सोनं घ्या, पप्पा, म्हणाली. अशा वेळी मोठ्यांनी डोक्यावर हात ठेवून ‘सोन्यासारखी राहा’ म्हणायचं असतं. मी पानं घेतली. हात तिच्या डोक्यापर्यंत नेला, पण तोंडून शब्द निघेना.