नानांचे शॉर्टकट

नाना कुणालाही नाही म्हणत नसत आणि त्याचा मनस्ताप आम्हाला होई. बारामती एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्रॅम लिहिले जात. कॉम्प्युटर कमी, माणसे जास्त, आणि त्या सगळ्या कॉम्प्युटरांची देखभाल नानांकडे. गावी कळंबला त्यांच्या बोअरवर अख्खी वस्ती पाणी भरायची. ऑफिसातही तोच कारभार.

कुणी म्हणावे, हे काम दोन बटणांत होईल असे करून द्या, की नानांनी लगेच शॉर्टकट जोडून दिलाच. तीच बटणे आधी दुसऱ्याला दिली आहेत का, हे बघायची पद्धत नाही. मी फाइल सेव्ह करायला जावे तर छपाई सुरू व्हायची. मी भडकले की म्हणत, "चिडू नगं. कुणाला दिलंय तेवढं आठवू दे." सेटिंग उघडून बघायचे सोडून हा गृहस्थ डोळे मिटून माणसे आठवत बसे!

एकदा तर कहर झाला. दुपारी डेअरीची माणसे बिलाचा प्रोग्रॅम बघायला येणार होती. तो चालला नाही तर काम पुण्याच्या कंपनीला जाणार, हे साहेबांनी बजावलेले. मी शेवटची दुरुस्ती करत होते. प्रोग्रॅम ज्यात लिहायचा त्या एडिटरने पुढचा शब्द सुचवावा म्हणून कंट्रोल आणि स्पेस दाबायची माझ्या बोटांना सवय, पण दाबले की शब्द सुचायचे सोडून मराठी अक्षरे उमटत आणि प्रोग्रॅम कोसळे. मी एडिटर काढून पुन्हा टाकला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

नानांना मात्र माणूस आठवला. माझ्याच कॉम्प्युटरवर सकाळी शैलाताई शेतकऱ्यांचे मराठी मेसेज टाइप करत. भाषा बदलायला नानांनी तीच दोन बटणे आदल्या दिवशी त्यांना दिली होती. एडिटरपर्यंत पोचायच्या आत मराठीचा प्रोग्रॅमच ती पळवत होता. मी म्हटले, काढा आत्ताच्या आत्ता. शैलाताई रजेवर, इंदापूरला. नानांनी त्यांना फोन लावला. आधी बाळाच्या तापाची चौकशी, मग औषधाची, मग सासूबाईंची. माझा जीव टांगणीला. शेवटी त्यांना विचारले, "तुमाला दिलेला शॉर्टकट बदलू का? हितं हिचं अडलंय."

डेअरीची माणसे आली, प्रोग्रॅम चालला, काम आमच्याकडेच राहिले. तरी माझा राग जाईना. आधी काढायचा आणि मग सांगायचे, एवढे साधे जमत नाही का, असे मी फाडफाड बोलले. नाना शांतपणे म्हणाले, "न विचारता काढला तर उद्या ती येऊन दाबंल आन् काहीच व्हनार न्हाय. तिला वाटंल, आपलंच चुकलं."

आई अंथरुणाला खिळली म्हणून नाना नोकरी सोडून कळंबला गेले. जाताना मी न मागताच मलाही एक शॉर्टकट देऊन गेले. दाबला की फाइलची एक जादा प्रत बाजूला जपून राहायची. "तू रागात काय बी दाबतीस," म्हणाले.

त्यांच्या जागी नवा इंजिनिअर आला. त्याने कुणाला न सांगता सगळे जुने शॉर्टकट एका सकाळी साफ केले. आता कशाचा कशाशी घोळ होत नाही, हे कबूल केलेच पाहिजे. त्या दिवशी घरी निघताना मी सवयीने नानांची बटणे दाबली. काहीच झाले नाही. माझेच काहीतरी चुकले असेल, म्हणून मी पुन्हा दाबून पाहिली.